नाव ठेवणे, नावे ठेवणे

मराठी भाषेने दोन फार निराळ्या गोष्टी एका मात्रेच्या अंतरावर ठेवून दिल्या आहेत. मूल बारा दिवसांचे झाले की आपण त्याचे नाव ठेवतो. तेच मूल पुढे मोठे होऊन चारचौघांपेक्षा निराळे दिसू किंवा वागू लागले की आपण त्याला नावे ठेवतो. पहिल्या वेळी पाळण्यावर वाकून आत्या बाळाच्या कानात कुर्र करते, घुगऱ्या वाटल्या जातात, सारे घर हसते. दुसऱ्या प्रसंगाला कसलीच तयारी लागत नाही. ओटीवर, पारावर किंवा शिक्षकांच्या खोलीत चहाच्या दोन घोटांमध्ये तो उरकता येतो.

हा भेद फळ्यावर लिहून मी वर्गाला अनेकदा हसवले आहे. पण मला स्वतःला तो खऱ्या अर्थाने कळला मागच्या दिवाळीत, आणि तोही जंतूंच्या कृपेने! वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले होते.

भाऊबीजेसाठी मी बहिणीकडे गेलो होतो. तिच्या थोरल्या मुलीचा दिवाळसण होता, त्यामुळे पाडव्यापासूनच घर भरले होते. रात्रीच्या पंगतीला नव्या जावयाला बायकांनी असा काही वेढा दिला की उखाणा घेतल्याशिवाय त्याला ताटाला हात लावता येईना. त्याने कसाबसा एक जुळवला. मग नवरीची पाळी आली, मग चढाओढ लागून मावश्या आणि काकू पुढे सरसावल्या. हशा ओसरल्यावर माझी धाकटी भाची माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “मामा, माझं सगळं काम या उखाण्यांत आहे.”

ही मुलगी जंतूंच्या आनुवंशिक मजकुरात संगणकाच्या साहाय्याने काहीतरी शोधत असते, यापलीकडे तिच्या कामाची मला माहिती नव्हती. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपला. पुढे मी कादंबऱ्यांकडे वळलो, आणि माझ्या कादंबरीत जंतू आलाच तर तो नायिकेला क्षय व्हावा एवढ्यापुरताच येतो.

“तुझे जंतू उखाणे घेतात की काय?” मी विचारले.

“घेतात,” ती गंभीरपणे म्हणाली, “आणि त्यांतही कुणाचं तरी नाव असतं. ते कुणाचं, हे मात्र आम्हाला बरेचदा ठाऊक नसतं.”

मग तिने मला जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. मोठ्या आतड्यात राहणारा ‘ई. कोलाय’ नावाचा एक जंतू आहे. त्याचा आनुवंशिक मजकूर 1997 साली संपूर्ण वाचून झाला. चार अक्षरांच्या लिपीतली सुमारे 46 लाख अक्षरांची ती पोथी आहे. जुन्या पोथ्यांप्रमाणे तीतही शब्द सुटे केलेले नाहीत आणि विरामचिन्हांचा पत्ता नाही. तिच्यातला सुमारे 88 टक्के मजकूर निरनिराळी प्रथिने कशी बनवायची ते सांगतो. उरलेला मजकूर या पाठांच्या मधल्या पट्ट्यांत असतो, आणि तेथे बऱ्याच ठिकाणी पुढचा पाठ केव्हा वाचावा व केव्हा वाचू नये याच्या सूचना दडलेल्या असतात.

पाठ वाचण्यापूर्वी पेशी त्याची एक नक्कल काढते. तिला आरएनए म्हणतात. ही नक्कल म्हणजे एक लांब फीत. भाचीने आकाशकंदिलाची उरलेली एक झिरमिळी उचलली आणि तिचे टोक दुमडून केसांच्या आकड्यासारखे केले. “फितीचा सुरुवातीचा तुकडा असा स्वतःवरच दुमडतो,” ती म्हणाली. “या घडीत एखादा ठरावीक रेणू येऊन बसला की घडीची ठेवण बदलते आणि पुढचा पाठ सुरू होतो, नाहीतर बंद पडतो. विजेच्या दिव्याची कळ असते ना, तशी.” अशा कळा खरोखरच असतात हे 2002 साली येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर आणि न्यूयॉर्कमधील एव्हगेनी न्यूडलर यांच्या गटांनी बी वर्गातील जीवनसत्त्वांच्या बाबतीत प्रयोगाने दाखवून दिले.

घडी टिकते ती अक्षरांच्या जोड्यांवर. ‘ए’ समोर ‘यू’ आले तर ती चिकटतात, ‘जी’ समोर ‘सी’ आले तर ती चिकटतात. आता प्रश्न असा, की लाखो अक्षरांच्या सलग मजकुरात अशी घडी नेमकी कोठे आहे हे ओळखायचे कसे? डोळ्यांना तर सगळीकडे तीच चार अक्षरे दिसतात.

“इथेच उखाणा येतो,” भाची म्हणाली. “समजा, मराठीचा एक शब्दही न येणारा माणूस आपल्या पंगतीत बसलाय. तो शंभर घरांतले शंभर उखाणे नुसते ध्वनी म्हणून उतरवून घेतो आणि एकाखाली एक मांडतो. त्याला काय दिसेल?”

मी विचार करू लागलो. नवऱ्याचे नाव ‘श्रीरंग’ असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटी ‘मृदंग’ किंवा ‘अभंग’ यायचा. नाव ‘माधव’ झाले की मृदंग उठून जातो आणि तेथे ‘यादव’ येऊन बसतो. घर बदलले की नाव बदलते, आणि नाव बदलले की दूरच्या ओळीतला तो दुसरा शब्दही बदलतो. भाषा न जाणणाऱ्या माणसालाही शंभर उखाण्यांनंतर कळून चुकेल की या दोन जागांमध्ये काहीतरी नाते आहे.

“अगदी तसंच,” ती म्हणाली. “एका जंतूत अमुक जागी ‘जी’ असतो आणि दूर समोर ‘सी’. दुसऱ्या जातीच्या जंतूत पहिल्या जागी ‘ए’ आलेला असतो, आणि पाहावं तर समोर ‘यू’ येऊन बसलेला. अक्षरं दोन्हीकडची बदलली, जोडी मात्र टिकली. अशा बदललेल्या जोड्या पुष्कळ सापडल्या की आम्ही म्हणतो, इथे घडी आहे, आणि ती जंतूच्या काहीतरी उपयोगाची आहे. उपयोगाची नसती तर इतक्या पिढ्यांत ती केव्हाच विस्कटली असती.”

मला ही युक्ती फार आवडली. शिक्षकाला ती आवडलीच पाहिजे. दोन मुलांच्या उत्तरांत अक्षरन् अक्षर सारखे आले तर आम्हाला कौतुक वाटत नाही, संशय येतो. शब्द निराळे असून आशय टिकला असेल तरच मुलाला धडा समजला असे आम्ही समजतो.

मी तसे म्हणताच तिने मान डोलावली आणि म्हणाली की सारखेपणा पाहून हुरळून जाण्याची भीती त्यांच्या कामातही मोठी असते. शंभर बायकांनी एकाच आजीकडून एकच उखाणा पाठ केला असेल, तर शंभरही ठिकाणी तीच अक्षरे दिसतील. त्यावरून त्यांचे नातेगोते कळेल, यमकाचा नियम कळणार नाही. माणसाला तर जेथे तेथे आकृत्या दिसतात. पावसाळ्यात भिंतीवर ओल आली की तिच्यात आपल्याला हत्ती, घोडे, गणपती दिसू लागतात. 2017 साली एलेना रिव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांचे जोडीने बदलणे खरे आहे की केवळ एका आजीच्या लेकींचे साम्य आहे, हे तपासण्याची एक गणिती कसोटी मांडली. मनुष्यपेशीतील काही प्रसिद्ध आरएनएंच्या ज्या घड्या मोठ्या विश्वासाने छापल्या गेल्या होत्या, त्यांना या कसोटीवर आधार मिळाला नाही.

पण नीट वापरली तर ही तुलनेची रीत किती दूरवर पोहोचते याचाही एक दाखला आहे. पेशीत प्रथिने विणणारा रायबोसोम नावाचा एक माग असतो. त्याच्यातल्या आरएनएची घडी कशी असावी, याचा आराखडा कार्ल वूज, हॅरी नोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 पासून निरनिराळ्या जीवांचा मजकूर एकाखाली एक मांडून तयार करत आणला. प्रत्यक्ष घडी तेव्हा कोणीही पाहिलेली नव्हती. पुढे 2000 साली क्ष-किरणांच्या साहाय्याने रायबोसोमची रचना उलगडली. त्याच्या लहान भागाची रचना उलगडणाऱ्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते, आणि त्यासाठी 2009 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या रचनांशी जुना आराखडा ताडून पाहिला तेव्हा त्यातल्या सुमारे 97 टक्के जोड्या खऱ्या निघाल्या!

जे काम वूज आणि नोलर यांनी एका रेणूसाठी वर्षानुवर्षे केले, ते आता संगणक हजारो जंतूंच्या पोथ्यांवर करतो. 2006 साली झिझेन याओ, झाशा वाइनबर्ग आणि वॉल्टर रुझो यांनी एक आज्ञावली प्रसिद्ध केली. मजकूर एकाखाली एक लावणे आणि त्यातली घडी ओळखणे ही दोन्ही कामे ती हातात हात घालून करते. त्यानंतर 2007 मध्ये वाइनबर्ग, ब्रेकर आणि सहकाऱ्यांनी अशा 22 नव्या घड्यांची यादी छापली. 2010 मध्ये 104 घड्यांची आली, 2017 मध्ये 224 घड्यांची.

“म्हणजे आता सगळं कळलंच म्हणायचं!” मी म्हणालो.

“नाही हो मामा. सापडलं. कळलं नाही.”

या दोन शब्दांमधले अंतर मला त्या रात्री झोपू देईना. आपल्या पंगतीतल्या त्या परक्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहा. यमक त्याला सापडले. पण ‘श्रीरंग’ हे शेजारी लाजत बसलेल्या माणसाचे नाव आहे, हे त्याला त्या वहीतून कधीच कळणार नाही. त्यासाठी त्याला वही मिटून पंगतीकडे पाहावे लागेल. घडीचेही तसेच. ती कोणत्या रेणूसाठी उघडते आणि मिटते हे अक्षरांवरून सांगता येत नाही. त्यासाठी कोणीतरी प्रयोगशाळेत बसून एकामागून एक पदार्थ तिच्यापुढे धरून पाहावे लागतात.

तोपर्यंत त्या घडीला म्हणायचे काय? या शास्त्रज्ञांची रीत मला मोठी हृद्य वाटली. घडी ज्या जनुकाच्या शेजारी सापडली त्याच्या नावाने तिला हाक मारायची, आणि तिचा रेणू सापडेपर्यंत तिला ‘अनाथ’ म्हणायचे. ‘अमक्या वाड्यापलीकडचे बिऱ्हाड’ असे आपण म्हणतो ना, तसे. त्यात त्या बिऱ्हाडाच्या कुळाशीलाविषयी अवाक्षर नसते. ते नाव म्हणजे नुसता पत्ता आहे, निकाल नव्हे.

एक घडी 2004 साली सापडली. शेजारच्या जनुकावरून तिला ‘वायकेकेसी’ म्हणत. अनेक जातींच्या जंतूंत ती होती, तेव्हा काहीतरी महत्त्वाची असणार हे उघड होते. पण ती कोणासाठी आहे हे कळायला 2017 साल उजाडावे लागले. तेरा वर्षे ती अनाथ राहिली. शेवटी तिचा धनी निघाला ग्वानिडिन नावाचा एक साधा पदार्थ, ज्याची जंतूच्या आयुष्यात एवढी उठाठेव असेल असे कोणाला वाटले नव्हते.

तिला इतकी वर्षे का लागली असतील? एक कारण असे, की तिच्या हाताखालच्या काही जनुकांवर आधीच पाट्या लागलेल्या होत्या. एका प्रथिनावर युरियावर काम करणारे म्हणून पाटी होती. प्रत्यक्षात ते ग्वानिडिनवर काम करत होते. कोणीतरी एकदा केवळ साम्यावरून ते नाव दिले, आणि संगणकाच्या भांडारांतून ते एका जंतूवरून दुसऱ्या जंतूवर उतरवले गेले. ज्या घराला पाटी नव्हती त्याचा शोध चालू राहिला. ज्याला चुकीची पाटी होती तेथे कोणी कडी वाजवली नाही, कारण आत कोण राहते हे सर्वांना ‘ठाऊक’ होते.

आणि या गोष्टीला शेवटी आणखी एक मुरड पडली. ‘वायकेकेसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घड्यांपैकी काही ग्वानिडिनला दाद देईनात. 2018 मध्ये कळले की दिसायला जवळजवळ सारख्या असल्या तरी त्या अगदी निराळे रेणू ओळखतात. एकाचे उत्तर मिळाले म्हणून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सर्वांचे उत्तर मिळाले, असे होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाला बसलो असताना भाचीने दुसऱ्या एका अनाथाची कथा सांगितली. 2010 च्या त्या 104 घड्यांच्या यादीत ‘सीआरसीबी’ नावाची एक घडी होती. हेही शेजारच्या जनुकाचेच नाव. ते जनुक 1990 च्या दशकात कापराच्या प्रयोगांत हाती लागले होते. त्याच्यामुळे जंतू कापराच्या माऱ्याला टिकाव धरतो असे दिसले, म्हणून त्याच्या नावात कापूर शिरला. या घडीच्या ताब्यात आणखीही जनुके होती. त्यांतले एक साखरेच्या विघटनातल्या एनोलेज नावाच्या प्रथिनाचे होते.

“मामा, रक्तातली साखर तपासायला देता तेव्हा करड्या झाकणाची नळी असते, पाहिलीय?”

पाहिली होती. चाळिशीनंतर कोण पाहत नाही?

“त्या नळीत एक क्षार असतो. तो या एनोलेजचं काम बंद पाडतो, म्हणून नळीतल्या रक्तपेशी साखर खाऊन टाकत नाहीत. त्याच क्षारातल्या एका घटकासाठी ही घडी होती. इतकी जवळची खूण होती, पण उलगडा होईपर्यंत लक्षात येईना. कारण आरएनएवर ऋण भार असतो आणि त्या घटकावरही ऋण भार. दोन ऋण एकमेकांना दूर लोटतात. मग तो घडीत बसेल कसा? पण 2012 मध्ये ब्रेकर यांच्या गटानं सिद्ध केलं, की घडी त्यालाच ओळखते. त्याच वर्षी तिची रचनाही उलगडली. तीन मॅग्नेशियमचे कण त्याला मधे धरून बसलेले असतात. तो आला की कळ उघडते, आणि त्याला पेशीबाहेर घालवणारं प्रथिन बनू लागतं. ते प्रथिन म्हणजेच सीआरसीबी. कापराचं नाव उगीचच लागलं होतं त्याला.”

“पण तो घटक कोणता?”

“फ्लोराइड,” ती म्हणाली.

माझ्या हातातली चकली तशीच राहिली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे काढली. दर शनिवारी सकाळी मुलांची स्वच्छतेची तपासणी असे. नखे, केस, कपडे, दात. पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. एकदा लिहिले तेवढे पुरे झाले. मुलगा हुशार होता, कविता चाल लावून म्हणायचा. पण त्याच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मी त्याला रांगेबाहेर काढला. “दात घासत नाहीस का रे?” म्हणून विचारले. “घासतो, गुर्जी,” तो म्हणाला. मी सर्वांदेखत त्याला हौदावर पाठवले आणि राखुंडीने दात घासून यायला सांगितले. तो घासून आला. हिरड्यांतून रक्त येत होते आणि पट्टे जागच्या जागी होते. मला वाटले, हा खोटेही बोलतो. तपासणीच्या वहीत त्याच्या नावापुढे मी लाल शाईने लिहिले, ‘अस्वच्छ’. पुढच्या शनिवारी पुन्हा लिहिले. तिसऱ्या शनिवारी तर त्याला तोंड उघडायलाही न लावता लिहिले. पाटी तयारच होती!

त्या वर्षी त्याने कविता म्हणणे सोडले.

दोन वर्षांनी पाणी तपासणारी माणसे आली आणि वरच्या वस्तीतल्या हातपंपावर लाल फुली मारून गेली. त्या पाण्यात फ्लोराइड होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत जमिनीखालच्या खडकातून ते पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, आणि पिणाऱ्याच्या जिभेला ते कळत नाही. एका लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातली त्याची शेवटची मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी मूल वर्षानुवर्षे पीत राहिले तर हिरडीच्या आत, दात अजून घडत असतानाच, त्यांच्या लुकणावर डाग धरतात. ते राखुंडीने जात नाहीत. कशानेच घासून जात नाहीत.

आणि माझ्या मनाला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या मुलांच्या दातांवर डाग होते ती सारी वरच्या वस्तीतली होती, आणि एकाच पंपाचे पाणी पीत होती. नदीकाठच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांतल्या मुलांचे दात स्वच्छ होते, मग ती दात घासोत की न घासोत. वर्गातल्या चाळीस मुलांची तोंडे दर शनिवारी माझ्यासमोर ओळीने उघडत होती. उखाणे एकाखाली एक मांडून ठेवलेलेच होते! मी ते वाचले नाहीत, कारण पहिल्या मुलापाशीच मला उत्तर मिळाले होते. ज्या पदार्थाची चाहूल लागताच एक पेशीचा जंतू सावध होतो, तो पदार्थ मुलांच्या दातांवर अक्षरे काढत असताना मी, त्यांचा गुरुजी, लाल शाईची दौत घेऊन बसलो होतो.

येथे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे, की मग माणसाने नावेच देऊ नयेत काय? जंतूंच्या घड्या तेरा वर्षे थांबू शकतात. शाळा थांबत नाही. शिक्षकाला गुण द्यावे लागतात, वैद्याला औषध द्यावे लागते, न्यायाधीशाला निवाडा द्यावा लागतो. ‘मला ठाऊक नाही’ हे म्हणत बसणारा माणूस नम्र असेलही, पण कित्येकदा तो केवळ आळशी असतो. नेणतेपणाचा टिळा लावून जबाबदारी टाळणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

हे मला मान्य आहे. म्हणूनच मला या संशोधकांच्या रीतीचे मोल वाटते. ते थांबले, पण हातावर हात ठेवून बसले नाहीत. न कळलेल्या घडीला त्यांनी नाव दिले, तिचा आकार काढून ठेवला, ती कोणकोणत्या जंतूंत आहे, कोणाच्या शेजारी आहे, हे सारे नोंदवले. फक्त जो एक रकाना त्यांना भरता येत नव्हता तो रिकामा ठेवला, आणि तो रिकामा आहे हे ठळक दिसेल असा ठेवला. म्हणून पुढे येणाऱ्याला तेथे शोधावेसे वाटले. रिकामा रकाना हे एक आमंत्रण असते. चुकीने भरलेला रकाना दार लावून घेतो.

मी त्या शनिवारी ‘दातांवर तपकिरी डाग, घासून जात नाहीत’ एवढेच लिहिले असते तर? एक रकाना रिकामा राहिला असता. पुढच्या मुलाचेही तसेच लिहिले असते, मग तिसऱ्याचे. पाचव्या-सहाव्या नोंदीला मलाच विचारावेसे वाटले असते की ही सारी पोरे राहतात कोठे, पाणी कोठले पितात? त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नव्हती. ‘डाग’ हे मी पाहिले होते आणि ‘अस्वच्छ’ हे मी ठरवले होते. दोहोंमध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात त्या मुलाचे सारे बालपण होते.

भाऊबीज आटोपून घरी परतल्यावर मी त्या गावच्या एका जुन्या स्नेह्याकडून त्याचा पत्ता मिळवला आणि पत्र टाकले. काय लिहिले ते येथे सांगण्यासारखे नाही. उत्तर आले नाही. महिनाभराने फोन आला. “गुर्जी, पोरीचं बारसं हाय. या.”

मी गेलो. तो आता गावात किराण्याचे दुकान चालवतो. वस्तीला टाकीचे पाणी येते. मांडव साधाच होता, पण माणसे पुष्कळ होती. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, बायकोला बोलावून ‘हे माह्ये गुर्जी’ म्हणून सांगितले. पत्राचा विषय मीच काढला. तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “जाऊ द्या ना गुर्जी. तुम्हाले तरी का मालूम होतं तेव्हा?”

त्याने ते माझे सांत्वन करण्यासाठी म्हटले. पण मला ठाऊक नव्हते हा काही माझा गुन्हा नव्हता. ठाऊक नसताना लिहिले, हा होता. हे मी त्याला सांगू लागलो तेवढ्यात आतून बोलावणे आले. आत्या पाळण्यावर वाकली, तिने बाळाच्या कानात नाव सांगितले, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि एकच हशा उठला.

तोही हसला. हसताना त्याचा उजवा हात आपोआप वर आला आणि तोंडावर जाऊन बसला. बाळाचे नाव ठेवून झाले होते. पाळण्यातल्या मुलीकडे पाहत, तोंडावर हात धरून, तो कितीतरी वेळ हसत होता.